फिटलेला पैरा

पैऱ्याचा हिशोब साधा असतो. आज तू माझ्या रानात ये, उद्या मी तुझ्या रानात येते. मजुरी नाही, पैसा नाही, कामाला काम. पण हा हिशोब पुरता कधी मिटवायचा नसतो, हे आमच्या वरकुटे गावातल्या शेंबड्या पोरीलासुद्धा कळतं. एखादा वाफा, अर्धी दुपार, काहीतरी अंगावर ठेवायचं. मग कोण कुणाचं लागतं यावरून बायका वर्षभर भांडतात, आणि त्या भांडणावरच शेजार टिकून राहतो. पैरा पुरता फिटतो तो दोनच वेळेला. एक तर दोघींचं वाजलेलं असतं, नाहीतर एकीला गाव सोडून जायचं असतं.

म्हणून त्या दिवशी सिंधू न बोलावता माझ्या कांद्याच्या लागणीला आली, तेव्हाच माझ्या डोक्यात उजेड पडायला हवा होता. पडला नाही. उलट मी खूश झाले.

सिंधूचं आणि माझं रान बांधाला बांध लागून. दोघी एकाच लग्नसराईत या गावात आलो. ती मुखदुर्बळ, आणि माझ्या तोंडाचा पट्टा सुरू झाला की आमचे हे गोठ्यात जाऊन बसतात. गणपती उठल्यापासून सिंधूनं अंथरूण धरलं होतं. भिंतीकडं तोंड करून पडायची. जेवण नाही, झोप नाही, बोलणं नाही. गावातल्या डॉक्टरनं दोनदा सलाईन लावलं; आमच्याकडं सलाईन लावल्याशिवाय आजारपणाला मान नाही. दृष्ट काढून झाली, अंगारा लावून झाला. नवरा आबासाहेब सुपारीचंसुद्धा व्यसन नसलेला माणूस. मुलगा अजित बारामतीत एमआयडीसीत कामाला, तिथंच खोली करून राहतो आणि सुट्टीला येतो. सून प्रगती हसतमुख, गोठा एकटीनं ओढणारी. काय कमी आहे हिला, असं सगळा गाव म्हणत होता आणि गावात मीही आलेच.

तर ती आली. केस विंचरलेले, इस्त्रीची नाही पण धुतलेली साडी, फडक्यात भाकरी. मी वाफ्यात बसल्या बसल्या ओरडले, "काय गं सिंधे, घावला का मुहूर्त?"

ती हसली. किती दिवसांनी हसली. माझ्या शेजारी नकोशी रोप लावत बसली होती, आमच्याच आळीतली बाई. तिनं मला कोपरानं ढोसलं. आम्हा दोघींना वाटलं, सुटली बाई एकदाची.

सिंधू दिवसभर मान वर न करता रोप लावत राहिली. ओल्या मातीत अंगठा, रोप, चिमूट, पुढं. भाकरी खायला बोलावलं तर म्हणाली भूक नाही. उन्हं कलली तेव्हा एक वाफा उरला होता. मी म्हटलं, "ऱ्हाऊ दे गं त्यो. उद्याला बघू."

"न्हाय. पुरता करते."

आणि तिनं तो अगदी कोपऱ्यापर्यंत केला. मग पाटाच्या पाण्यात हात धुतले, पदराला पुसले आणि माझ्यापुढं उभी राहिली.

"फिटलं न्हवं तुझं समदं? काय बाकी न्हाय ना ऱ्हायली?"

"न्हाय बाई न्हाय. जा, मोकळी झालीस," मी म्हणाले. अशी माझी जीभ.

"चुकलंमाकलं पोटात घाल, द्वारके."

ती बांधावरून चालू लागली. भाकरीचं फडकं तसंच तिथं राहिलं. मी नकोशीला म्हटलं, फडकं विसरली बघ ही. नकोशी रोपाची जुडी सोडत म्हणाली, "माझ्याकडं आलती की ह्याच आठवड्यात. माझं फेडलं. भीमाच्या तितं बी जाऊन आली. समद्यांचं फेडलं म्हणं तिनं. ग्वाड बाई हाय, कुणाचं ठिवत न्हाय."

माझ्या हातातलं रोप हातातच राहिलं. भीमाचं फेडलं, नकोशीचं फेडलं, माझं फेडलं. कुणाशी भांडण नव्हतं तिचं. मग ही निघाली होती कुठं? माहेर सोमेश्वरनगरच्या बाजूला, पण तिथं आता भावाच्या घराशिवाय कुणी नाही, आणि भावाकडं जायला कुणी असा निरोप घेत नाही.

नकोशीला म्हटलं तू इथलं बघ, आणि तशीच चिखलाच्या पायांनी सिंधूच्या घराकडं पळाले. माझं वय आणि माझं वजन बघता त्याला पळणं म्हणायचं का, हा वेगळा प्रश्न.

प्रगती गाईंना कडबा टाकत होती. ती सासूला आत्या म्हणते. "आत्या? तुमच्याच रानात हायत न्हवं, मावशी?"

"निघाली कवाच. काय म्हणाली का गं तुला सकाळी?"

प्रगतीचा चेहरा फुलला. "कपाटाची चावी दिली मला! म्हणल्या, आता तुझं तू बघ. मला इतकं बरं वाटलं मावशी, लग्न झाल्यापासनं पहिल्यांदा..." बोलता बोलता तिनं माझ्या तोंडाकडं पाहिलं आणि तिच्या हातातली पेंढी खाली पडली.

"आबासाहेबांला फोन लाव. अजितला लाव. तू गावाच्या वाटंनं बघ, मी रानात बघते. आरडाओरडा करू नको, पण थांबू बी नको."

त्यांच्या रानात पुढं ऊस, मागं कांद्यासाठी सोडलेला तुकडा. ऊस पुरुषभर उंच. त्याच्या कडेनं मी चालले होते आणि हाका मारत होते. ओ नाही. तोडीला आलेला ऊस वाऱ्यानं वाजतो, आणि प्रत्येक वेळी मला वाटायचं आत कुणीतरी आहे. देवाला काय काय कबूल केलं ते आता आठवत नाही; बरंच असणार.

ऊस संपला तिथं बांधावरच्या बोरीखाली ती बसली होती. चपला काढून बाजूला जोडीनं नीट लावलेल्या. माझ्याकडं पाठ. मी लांबूनच श्वासानं पाठ हलतेय का ते पाहिलं. हलत होती.

तिच्याजवळ जाऊन बसले. तिनं मान वळवली नाही. काय बोलावं? घरात असलं अभद्र तोंडातून काढू नये, वास्तू तथास्तु म्हणते, असं माझी आई सांगायची. मी चारी बाजूंना पाहिलं. ऊस होता, बोर होती, माती होती. तथास्तु म्हणायला वास्तू काही तिथं नव्हती.

"सिंधे, खरं सांग. जीव द्यायचं हाय का तुझ्या मनात?"

तिनं माझ्याकडं बघितलं. मला वाटलं चिडेल. पण डोक्यावरची जड पाटी कुणीतरी हात लावून खाली घ्यावी, तसा तिचा चेहरा झाला.

"व्हय," ती म्हणाली.

आणि मग मी माती खाल्ली. माझं तोंड सुटलं. आगं सोन्यासारखा नवरा, लेकाला अजून पोरबाळ व्हायचंय, लोकं काय म्हणतील, प्रगतीच्या कपाळी काय येईल, देवानं दिलेला जीव हाय, कशाची कमी हाय तुला. एका दमात सगळं. तिचा चेहरा पुन्हा मिटत गेला, मला तो समोर मिटताना दिसला.

"म्हणूनच कुणाला सांगत न्हाय मी," ती म्हणाली आणि मान फिरवली.

मी ओठ दातात धरला. आयुष्यात इतका वेळ मी जागेपणी गप्प बसले नसेन. तिच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि बसून राहिले. तिनं हात झटकला नाही.

बऱ्याच वेळानं ती आपली आपण बोलायला लागली. "सकाळी डोळं उघडलं की वाटतं, आलाच का आजचा दिस परत. छातीवर धोंडा ठिवल्यावानी. प्रगती जेवान घिऊन येती, ह्ये तोंडाकडं बघत बसत्यात. समद्यांला माझाच तरास. मी नसले तर रडतील थोडं, अन् सुटतील."

सुटतील? माझ्या जिभेवर शंभर उत्तरं आली. गिळली. एवढंच विचारलं, "कशानं गं झालं ह्ये?"

"त्येच तर द्वारके. कारण असतं तर हातात धरून दावलं असतं. काय बी न्हाय. नुसतं हाय."

हे मला आजपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं. आम्हाला दुखण्याला कारण लागतं. नवरा मारतो, सासू छळते, पीक बुडालं. कारण नसलेलं दुखणं म्हणजे नखरा, असाच आमचा समज. तिच्या डोळ्यांखालचे काळे खड्डे बघून पहिल्यांदा वाटलं, ताप यायला तरी कुठं कारण लागतं.

"आजच करायचं हुतं का काय?"

ती मातीत बोट फिरवत राहिली. मग मान हलवली. "फिटलं समद्यांचं. आता कुणाचं काय ऱ्हायलं न्हाय."

मला भीती वाटली. रडू येत होतं आणि तिला दोन थोबाडीतही द्याव्याशा वाटत होत्या. मी तिचा हात धरला, चांगला घट्ट, चिखलासकट.

"कुणाला सांगू नगंस," ती म्हणाली. "माझ्या गळ्याची आण घे."

"न्हाय घेणार."

"द्वारके!"

"मी पोटात ठिवणारी बाई न्हाय, समद्या वरकुट्याला ठावं हाय. चुकीच्या ठिकाणी आण मागतीयास. मी आबासाहेबांला सांगणार, डाक्टरला सांगणार. माझ्यावर रागाव, वर्षभर बोलू नगंस, माझ्या बांधावरनं जाऊ नगंस. पर जित्ती राहून रागाव."

ती रागावलीच. हात सोडवून घ्यायला लागली. मी सोडला नाही. दोन म्हाताऱ्या व्हायला आलेल्या बायका बांधावर हाताची ओढाताण करत बसलो होतो. कुणी पाहिलं असतं तर म्हटलं असतं, बांध कोरण्यावरून जुंपली. शेवटी तीच दमली. प्रगती धापा टाकत आली. सासूच्या पायापुढं चपला सरळ केल्या आणि म्हणाली, "चला आत्या, च्या करते."

खरी लढाई घरी होती. आबासाहेब मोटारसायकलवरून आले, ऐकलं आणि पांढरे पडले. सिंधू आत प्रगतीजवळ होती. आम्ही ओसरीवर.

"वैनी," ते हळू आवाजात म्हणाले, "झाकली मूठ सव्वा लाखाची. ह्ये भायेर जायला नको. आमुशाला देवऋष्याकडं घिऊन जातो. अजितला सांगतो, काय न्हाय, यिऊ नको."

"आमुशाला? आन् तवर?"

"तवर काय, हाय की आपुन."

"आबासाहेब, गाईची कास सुजली तर तुमी आमुशाची वाट बघता व्हय? त्याच घडीला डाक्टरला फोन लावता. माझ्यासमोर लावलाय, दोनदा."

"गाईचं निराळं. माणसाचं डोकं बिघडलं म्हणलं की लोकं घराला नावं ठिवत्यात. अजितच्या पोराबाळांच्या सोयरिकीपतूर पुरतं ते."

अजितला अजून पोरंबाळंच नव्हती. नसलेल्या नातवंडांच्या सोयरिकीसाठी हा माणूस बायको पणाला लावत होता. मी तोंड उघडणार, तेवढ्यात प्रगती फोन हातात घेऊन दारात आली. तिनं मोबाईलवर एक सरकारी नंबर शोधला होता, अशाच वेळेसाठी असतो म्हणे. सासूला विचारून लावला होता. फोनमधून एका बाईचा आवाज येत होता. ती बाई विचारत होती, आत्ता त्या एकट्या आहेत का? आज जीवाचं बरंवाईट करायचा विचार होता का? घरात धोक्याच्या वस्तू आहेत का, त्या कुणाच्या ताब्यात आहेत? ताप किती आहे, उलटी झाली का, असं डॉक्टर विचारतो ना, तितक्या सरळ.

आबासाहेब ओसरीच्या कडेला बसले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मग फोनकडं हात करून म्हणाले, "ताई, मी मालक बोलतोय. आता काय करू मी, सांगा."

तिनं सांगितलं ते त्यांनी शाळेतल्या पोरासारखं ऐकलं. एकटं सोडायचं नाही. उद्याच मनाच्या डॉक्टरला दाखवायचं. धोक्याचं जे काही असेल ते हाताशी ठेवायचं नाही. त्यांनी स्वतः घरातलं, गोठ्यातलं, शेडमधलं गोळा केलं, कुलपात टाकलं आणि किल्ली माझ्या हातात आणून दिली. "चाळीस गुंठं रान सांभाळलं वैनी," म्हणाले, "घरात काय चाललंय ते दिसलं न्हाय."

मी तिथंच राहिले, सिंधूशेजारी अंथरूण टाकून. ती अजूनही माझ्यावर रागावलेली होती. दिवा मालवल्यावर एवढंच म्हणाली, "घोरू नगंस."

सकाळी अजित गाडी घेऊन आला. बारामतीचा रस्ता उसाच्या गाड्यांनी भरलेला, एकेका ट्रॉलीमागं जीव टांगणीला. सिंधू माझ्या आणि प्रगतीच्या मधे. दवाखान्याच्या दाराशी तिनं पाय रोवले. "मी येडी न्हाय."

"मग मी हाय का? मी बी येतीय की आत."

आत बाकड्यावर आबासाहेबांनी उपरण्यात तोंड लपवलं, कारण समोर वडगाव निंबाळकरचा ओळखीचा एक बागायतदार बसलेला होता. तोही छताकडं बघत होता. दोघं जण छतावर काय लिहिलंय ते वाचत राहिले. शेवटी तोच खाकरला. "थोरली लेक," म्हणाला. "दीड वर्ष झालं. तिच्या दरवाजाबाहेर राखणीला कुणाला तरी बसवत हुतो आमी. आता मळ्यात येती, भांडती बी." भांडती बी म्हणताना त्याचं तोंड असं उजळलं की आबासाहेबांचं उपरणं आपोआप खाली आलं.

डॉक्टरीणबाई वयानं लहान होत्या, मला तर पोरगीच वाटली. सिंधूशी एकटीशी बोलल्या, मग आम्हाला बोलावलं. म्हणाल्या, हा आजार आहे, ह्याला औषध आहे. पण गोळी आज घेतली आणि उद्या फरक, असं होणार नाही, काही आठवडे लागतील, आणि ते आठवडेच सांभाळायचे आहेत. मला वाटलं होतं, पेनकिलरसारखं काहीतरी देतील आणि येताना आम्ही भेळ खाऊ. आजार हत्तीच्या पायानं येतो आणि मुंगीच्या पायानं जातो, हे मीच लोकांना ऐकवत आले होते.

ते आठवडे आम्ही वाटून घेतले. दिवसा प्रगती, मग मी, आबासाहेब कधी नव्हे ते घरात. आणि कसं सांभाळलं म्हणाल तर डोळ्यांत तेल घालून. प्रगतीनं तिच्या हातातली विळी घेतली, झाडू घेतला, दुधाची बादलीसुद्धा घेतली. सिंधू एकदा माझ्यावर फिसकारली, "नुसतं राखत बसलाय मला. मी काय कणसं हाय, पाखरं खायला?"

मला ते लागलं. आणि त्यातून मला एक अक्कल सुचली. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, माझा तर त्या दिवशी गोठाच रिकामा निघाला.

सिंधूच्या कांद्याचं रोप वाढून जून व्हायला लागलं होतं. मी नकोशी, भीमा, आळीतल्या सगळ्या बायका गोळा केल्या आणि एका दिवसात तिचा कांद्याचा सगळा तुकडा लावून टाकला. माझा हिशोब सोपा होता. फिटलं म्हणून निघाली होती ना ही? आता सगळ्यांचं तिच्यावर चढलं. आता कशी जाते बघू.

प्रगती तिला रानाकडं घेऊन आली. हिरवे वाफे पाहून ती हसेल म्हणून आम्ही सगळ्या कंबरा धरून उभ्या. ती बांधावरच बसली.

"कुणी सांगितलं हुतं?" तिचा आवाज चिरका झाला. "आता ह्ये कवा फेडायचं मी? अंघुळ करायची म्हणलं तर जीवावर येतंय मला, अन् तुमी... अजून वझं?"

भीमानं हातातली उरलेली जुडी खाली टाकली. माझ्या तोंडात मारल्यासारखं झालं. जिच्या अंगात काडी उचलायची ताकद नाही, तिच्या डोक्यावर मी आख्खं रान ठेवलं होतं. ती उठून उसाच्या दिशेनं चालू लागली, आणि मी तिच्या मागं.

ह्या वेळी इकडंतिकडं पाहिलं नाही. "सिंधे, परत तसंच वाटतंय का?"

"व्हय."

"बरं झालं सांगितलंस. चल."

डॉक्टरीणबाईंना फोन केला, त्यांनी लगेच या म्हटलं. पुन्हा तोच रस्ता, त्याच ट्रॉल्या. सिंधू काचेतून बाहेर बघत होती. मी म्हटलं, "नगंस फेडू. कुणी मागायला येणार न्हाय."

"पैऱ्यात असं नसतंय."

"मग त्यो पैरा न्हवं. माझं दुसरं बाळंतपण झालं तवा थोरल्याला तू न्हेलंस तुझ्याकडं. त्याला गोवर आला, तू मांडीवर घिऊन बसलीस. त्येचं मी काय फेडलं? इचार केला का कधी?"

भिगवणकडच्या फाट्याजवळ ती म्हणाली, "लई रडायचा त्यो."

"आता बी रडतोय. बायकोनं डबा उशिरा दिला की."

हसली नाही. पण माझ्याकडं बघितलं.

त्या दिवशी औषध बदललं. त्यानंतरही एकदम उजाडलं असं काही झालं नाही. मी रोज सकाळी बांधावरून विचारायची, आज कसं? ती कधी म्हणायची, आज वाईट. कधी म्हणायची, कालच्यापेक्षा बरं. वाईट म्हणाली की मी काम टाकून जायची. चहा घ्यायचा, बसायचं, उपदेश करायचा नाही. हे शेवटचं मला फार जड गेलं. प्रगतीनं दुधाची बादली परत दिली. एक गाय तिची, बाकीच्या माझ्या, असं ठरवलं पोरीनं. आबासाहेब दर खेपेला स्वतः तिला दवाखान्यात घेऊन जायला लागले, उपरणं खांद्यावर टाकून.

माझ्या कांद्याची खुरपणी आली. मी कुणाच्या दारात गेले नाही, सिंधूच्या तर नाहीच. नकोशी आणि मी दोघीच बसलो होतो. तर बांधावरून सिंधू आली, हातात खुरपं. मागं प्रगती होती, ती बांधावरूनच हात करून परत फिरली.

ती खाली बसली आणि खुरपायला लागली. संथ, मधेमधे थांबत. दुपारी अर्धी भाकरी खाल्ली, माझ्या चटणीला नाव ठेवलं. माझा ऊर भरून आला आणि त्याच वेळी धाकधूकही सुरू झाली. कारण नकोशी आणि मी पुढं गेलो तरी ती एकामागून एक वाफा पुरा करत येत होती, अगदी त्या दिवशीसारखी, मान खाली घालून. उन्हं कलली. एक वाफा उरला. ती त्यात शिरली, पाव भाग काढला, आणखी पुढं सरकली. नकोशीचा हात थांबला. माझाही. तिच्या हातातून खुरपं काढून घ्यावं असं वाटलं, राहू दे म्हणावंसं वाटलं. पण राहू दे मी मागंही म्हटलं होतं. दात दाबून पुन्हा माझं खुरपं चालवायला लागले.

वाफ्याच्या मधोमध सिंधू थांबली. गुडघ्यावर हात टेकून उठली. खुरप्याची माती दगडावर आपटून झाडली.

"ह्यो ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "मंगळवारी येते."

नकोशीनं पदर डोळ्यांना लावला. मी म्हणाले, "भाकरी दोन जास्त आण. आन् चटणी तुझ्याच घरची आण, माझी ग्वाड लागत न्हाय ना तुला."

ती फडकं गोळा करून बांधावरून निघाली. आमच्या ह्यांनी संध्याकाळी विचारलं, एवढा एक वाफा कशाला ठेवला, उद्या मी उरकून टाकतो. मी त्यांना सांगितलं, त्या वाफ्याला हात लावलात तर जेवायला मिळणार नाही. मंगळवारपर्यंत त्यात गुडघाभर गवत वाढलं असतं तरी मला चाललं असतं.